शरीराचे पहारेकरी आणि उंदराचें ऋण

आमच्या अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे, एक गांव असें आहे कीं त्याची कीर्ति दूरदेशींही पसरली आहे. नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर हें तें गांव होय. तेथील घरांस चौकटी आहेत, पण दारें नाहींत. कुलूप घालण्याची चाल नाहीं. कुत्रेंमांजर आंत शिरूं नये एवढ्यापुरती एखादी फळी उंबऱ्याशीं उभी करतात, इतकेंच. ग्रामदैवत शनैश्वर गांवाची राखण करतो, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. जानेवारी २०११ मध्यें तेथें युको बँकेची शाखा उघडली, तेव्हां बिनकुलुपाची बँक म्हणून वर्तमानपत्रांतून तिची मोठी चर्चा झाली. पुढें सप्टेंबर २०१५ मध्यें गांवांत पोलीस ठाणेंही स्थापन झालें.

या गांवाचें उदाहरण आम्ही घेतलें, तें तेथील श्रद्धेची चिकित्सा करण्यासाठीं नव्हे. आरोग्यशास्त्राचा पाठ चालला असतां विद्यार्थी एक प्रश्न हटकून विचारतात, कीं शरीराला त्वचेची भिंत असतांना रोग आंत येतो तरी कसा? त्याचें उत्तर असें कीं, आपलें शरीरही एका अर्थीं बिनदाराचेंच घर आहे. श्वास घ्यावयाचा तर नाक उघडें हवें, अन्न घ्यावयाचें तर तोंड उघडें हवें. आणि पायांत कांटा मोडला कीं भिंतीसही भगदाड पडलेंच. या वाटांनीं दररोज असंख्य जीवाणु व विषाणु आंत येत असतात. तरीही बहुतेक दिवस आपण निरोगी असतों. याचें कारण आंत जागते पहारेकरी आहेत. ते दार लावून बसत नाहींत, येणाऱ्याजाणाऱ्यास ओळखतात. ही ओळख कशी पटते, तिचें रहस्य मनुष्यानें उंदरापासून कसें शिकून घेतलें, आणि त्या ज्ञानाच्या बळावर मुंबईंत रक्ताच्या कर्करोगावर एक नवा उपचार कसा सिद्ध झाला, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

पहारेकऱ्यांचे डोळे

रक्ताचा एक थेंब योग्य रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला असतां तांबड्या पेशींच्या गर्दींत मधून मधून पांढऱ्या पेशी दिसतात. हेच ते पहारेकरी. त्यांच्या अनेक जाति आहेत. भक्षक पेशी शत्रूस गिळून टाकतात. बी-पेशी प्रतिपिंडें नांवाचीं प्रथिनें रक्तांत सोडतात, आणि तीं शत्रूस जाऊन चिकटतात. टी-पेशींपैकीं कांहीं तर रोगट झालेल्या पेशींस स्वतः ठार करतात.

परंतु पेशींस डोळे नसतात, कान नसतात. मग त्या ओळखतात कशा? पेशीच्या आवरणांत विशिष्ट घडणीचीं प्रथिनें रोवलेलीं असतात. त्यांचें एक टोंक बाहेर डोकावतें, मधला भाग आवरणांत रुतलेला असतो आणि दुसरें टोंक पेशीच्या आंत असतें. बाहेरच्या टोंकाची घडण अशी असते, कीं एखादा ठराविक पदार्थच तेथें नेमका बसावा. तो येऊन चिकटला म्हणजे आंतल्या टोंकाकडून पेशीस इशारा पोहोंचतो. या प्रथिनांस शास्त्रीय परिभाषेंत 'ग्राही' असें म्हणतात. इंग्रजी ग्रंथांत त्यांचें नांव 'रिसेप्टर' असें आढळेल. कुलूप आणि किल्ली यांचा दृष्टांत येथें देण्याची पद्धति आहे, व तो योग्यही आहे. भेद इतकाच, कीं ही किल्ली दार उघडीत नाहीं, तर घंटा वाजविते.

उंदीरच कां?

उंदीर हा शेतकऱ्याचा जुना वैरी. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची साथ आली आणि पुढें ती दख्खनांत गांवोगांव पसरली, त्या वेळच्या आठवणी आमच्याकडील कित्येक घराण्यांत अजून सांगतात. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं लोक गांव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. त्याच साथींत वाल्देमार हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ सालापासून हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव आहे.

प्लेगचा उंदीर आकारानें मोठा, आणि प्रयोगशाळेंतील चिमुकला उंदीर निराळ्या जातीचा. हा लहान जागेंत राहतो, थोडें खातो, आणि त्याची मादी सुमारें तीन आठवड्यांत वितें. शिवाय पिढ्यान्पिढ्या एकाच वंशांत संबंध घडवून आणल्यामुळें एका वंशाचे सर्व उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकरूप असतात. म्हणून एकावर दिसलेला परिणाम दुसऱ्याशीं ताडून पाहतां येतो. २००२ सालीं उंदराच्या जनुकसंग्रहाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हां असें दिसून आलें कीं, त्याच्या बहुतेक जनुकांस मनुष्यामध्यें जोड सांपडते. बाह्य रूप कितीही भिन्न असलें तरी आंतली घडण नात्याची आहे.

बहिरा पहारेकरी

आतां या उंदरानें शिकविलेला एक धडा पाहूं. कित्येक जीवाणूंच्या आवरणांत एक विषारी पदार्थ असतो. तो रक्तांत शिरला कीं ताप चढतो, रक्तदाब उतरतो, आणि मात्रा अधिक झाली तर मृत्युही ओढवतो. अमेरिकेंतील उंदरांच्या 'सी-३-एच/एचई-जे' नांवाच्या वंशांत शास्त्रज्ञांस एक नवल दिसलें. इतर उंदीर ज्या मात्रेनें मरत, ती देऊनही हे उंदीर स्वस्थ राहत. वरवर पाहतां वाटेल कीं, हे मोठे भाग्यवान. परंतु तसल्या विषाचे जिवंत जीवाणु थोडेसे जरी त्यांच्या अंगांत सोडले, तरी हेच उंदीर इतरांच्या आधीं दगावत.

या कोड्याचा उलगडा १९९८ सालीं झाला. ब्रूस ब्यूट्लर व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, या उंदरांच्या एका जनुकांत बिघाड आहे. त्या जनुकावरून जें ग्राही प्रथिन बनतें, त्यास 'टोल-सदृश ग्राही क्रमांक ४' असें म्हणतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. आठशेंहून अधिक मण्यांच्या या माळेंत ७१२ व्या जागीं प्रोलिन हा मणी असावयास हवा, तेथें हिस्टिडिन आला होता. एक मणी बदलला आणि पहारेकरी बहिरा झाला!

यावरून एक मोठी गोष्ट कळून आली. ताप व ग्लानि हीं निव्वळ विषाचीं कृत्यें नव्हत; तो पहारेकऱ्यांनींच केलेला गलबला असतो. मर्यादेंत असेल तर तो घर वांचवितो. हाताबाहेर गेला तर घरच मोडतो. आणि मुळींच झाला नाहीं तर चोर निर्धास्तपणें सर्वस्व लुटतो. फळमाशींत 'टोल' नांवाचें जनुक रक्षणाचें काम करतें, हें जूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेनें १९९६ सालीं दाखविलें होतें. हॉफमन व ब्यूट्लर यांस, राल्फ स्टाइनमन यांच्यासह, २०११ सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

प्रथिनाचें कलम

एखाद्या ग्राही प्रथिनाचा अभ्यास करावयाचा तर तें शुद्ध स्वरूपांत हातीं हवें. उंदराच्या शरीरांतून तें गोळा करूं म्हटलें तर पुष्कळ उंदीर मारूनही चिमूटभर मिळण्याची खात्री नाहीं, कारण एकेका पेशीवर त्याचें प्रमाण अत्यल्प असतें. ही अडचण पुनर्संयोजनाच्या विद्येनें दूर केली. १९७३ सालीं स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनीं परकें जनुक जीवाणूंत घालून तें तेथें वाढवून दाखविलें. आंब्याच्या रोपावर हापूसची डहाळी बांधली म्हणजे मूळ रोपाचें आणि फळ हापूसचें, असें जें आपण कलमांत पाहतों, त्याच जातीची ही युक्ति आहे.

तिची रीति अशी. प्रथम उंदराच्या पेशींतून त्या ग्राही प्रथिनाच्या जनुकाची नक्कल काढतात. तींतून बहुधा बाहेर डोकावणाऱ्या टोंकाचाच भाग घेतात. कारण आवरणांत रुतणारा मधला भाग तेलासारखा असून पाण्यांत विरघळत नाहीं. त्या भागाच्या शेवटीं सहा हिस्टिडिन मण्यांची एक शेपटी जोडतात. मग हा तुकडा डीएनएच्या एका लहानशा कड्यांत बसवून तें कडें दुसऱ्या पेशींत सोडतात. या पेशी कधीं जीवाणूंच्या असतात. परंतु ग्राही प्रथिनांवर साखरेच्या शाखा जडविलेल्या असतात, आणि तें नाजूक काम साध्या जीवाणूस साधत नाहीं. म्हणून पुष्कळदां सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरतात. पोषक द्रवांत, ३७ अंश उष्णतेंत त्या वाढतात, आणि उंदराचें प्रथिन घडवून द्रवांत सोडूं लागतात. तो द्रव निकेल धातु बसविलेल्या कणांच्या नळींतून वाहूं दिला कीं हिस्टिडिनची शेपटी निकेलला धरून राहते व बाकीचें सर्व निघून जातें. पुढें धरलेलें प्रथिन सोडवून घेऊन गोठवितात व वाळवितात. निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे पुनः जोडून तें घडविलें, म्हणून त्यास 'पुनर्संयोजित' असें विशेषण लावतात.

अशा प्रथिनाची कुपी कोणी विद्यार्थ्यानें पाहिली तर तो फसेल. तींत कांहींच नाहीं असें त्यास वाटेल. तळाशीं एका ग्रॅमच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढी पांढरी पुटी असली तरी ती पुष्कळ झाली. शून्याखालीं २० अथवा ८० अंश थंडींत ती जपून ठेवतात, आणि 'केवळ संशोधनासाठीं' अशी सूचना तिजवर छापलेली असते. एखादें नवें प्रतिपिंड नेमक्या ग्राहीसच चिकटतें कीं भलत्याला, किती घट्ट चिकटतें, एखादें औषध तें चिकटणें थांबवितें काय, हें सर्व आधीं या कुपींतील प्रथिनावर पारखतात. जी परीक्षा कांचेच्या भांड्यांत होऊं शकते, तीपुरते प्राण्यांचे जीवही वांचतात.

ही विद्या केवळ कुपीपुरती राहिलेली नाहीं. याच मार्गानें घडविलेलें मानवी इन्शुलिन १९८२ सालीं मधुमेह्यांस मिळूं लागलें. काविळीच्या 'ब' प्रकारावरील अशा जातीची पहिली भारतीय लस हैदराबादेस तयार होऊन १९९७ सालीं बाजारांत आली. १९९८ सालीं तर एक ग्राही प्रथिनच औषध म्हणून संधिवाताच्या रोग्यांसाठीं अमेरिकेंत मान्य झालें. तें रक्तांत मोकळें फिरतें आणि सूज वाढविणाऱ्या पदार्थास खऱ्या ग्राहीपर्यंत पोहोंचण्यापूर्वींच पकडतें.

घरांतला चोर

बाहेरून आलेला चोर ओळखणें एक वेळ सोपें. घरांतच जन्मलेला ओळखणें महाकठीण. कर्करोग हा असा घरचा चोर आहे. त्याच्या पेशी आपल्याच पेशींपासून उत्पन्न होतात, आपलाच वेष वागवितात, आणि पहारेकरी त्यांच्या शेजारून निघून जातात. रक्ताच्या कांहीं कर्करोगांत तर खुद्द बी-पेशी, म्हणजे पहारेकऱ्यांतीलच कांहीं, बंडखोर होतात.

येथें पुनः उंदीर उपयोगी पडला. १९७५ सालीं केंब्रिज येथें जॉर्ज कोलर व सीझर मिल्स्टाइन यांनीं उंदराच्या पेशींपासून एकाच घडणीचीं प्रतिपिंडें हवीं तितकीं मिळविण्याची रीति शोधून काढली. १९८४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. या रीतीनें मिळालेल्या कांहीं प्रतिपिंडांस बी-पेशींवरील 'सीडी-१९' नांवाची खूण अचूक ओळखतां येई. तेव्हां शास्त्रज्ञांनीं विचार केला कीं, प्रतिपिंडाचा ओळखणारा भाग आणि टी-पेशीचा इशारा देणारा भाग यांचें कलम करून एक नवें ग्राही प्रथिन घडवावें, व तें रोग्याच्याच टी-पेशींवर बसवावें. म्हणजे पहारेकरी जुनाच, पण दृष्टि नवी! या उपचारास 'कार-टी' म्हणतात. अमेरिकेंत त्यास २०१७ सालीं मान्यता मिळाली; पण तेथें त्याची किंमत आपल्या चलनांत तीन ते चार कोटी रुपयांच्या घरांत जाई. आमच्याकडील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीनें असा उपचार असून नसल्यासारखाच.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनीं हें काम आपल्या हातीं घेतलें. संस्थेंतील प्राध्यापक राहुल पुरवार व त्यांचे सहकारी यांनीं ग्राही प्रथिन घडविलें. त्यांत एक सुधारणा ध्यानांत घेण्याजोगी आहे. उंदराच्या प्रतिपिंडाचा भाग जसाच्या तसा ठेवला तर रोग्याचें शरीर त्यालाच परका समजून त्यावर उठण्याचा संभव असतो. म्हणून ओळखणारी जागा तेवढी राखून भोंवतालची घडण मनुष्याच्या प्रथिनासारखी केली. ४ जून २०२१ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें, टाटा मेमोरियलच्या 'ॲक्ट्रेक' या केंद्रांत, भारतांतील पहिल्या रोग्यास या पेशी देण्यांत आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्यें 'नेक्सकार-१९' या नांवानें त्या उपचारास सरकारची मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें पवई येथें त्याचा लोकार्पण समारंभ झाला. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, ज्या रोग्यांवरील परिणाम मोजतां आला, त्यांपैकीं शेंकडा ७३ जणांत रोग मागें हटला. हे सर्व रोगी असे होते कीं, इतर औषधें त्यांच्यावर चाललीं नव्हतीं किंवा रोग उलटून आला होता. किंमत परदेशच्या मानानें सुमारें एक दशमांश आहे. तीही सामान्य कुटुंबास जड आहे, हें आम्ही जाणतों. तथापि वाट खुली झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

ज्ञानाची मर्यादा

उंदीर हा गुरु खरा, पण मनुष्य म्हणजे उंदीर नव्हे. किंबहुना माकडांत निर्धोक दिसलेली गोष्टही मनुष्यांत निर्धोक असेलच, असें नाहीं. मार्च २००६ मध्यें लंडन येथें टी-पेशींवरील 'सीडी-२८' या ग्राहीस चेतविणारें एक नवें प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांस देण्यांत आलें. माकडांवर तें आधीं पारखलें होतें. तरीही कांहीं तासांतच त्या सहाही जणांचे पहारेकरी एकदम खवळून उठले, आणि त्यांस अतिदक्षता विभागांत ठेवावें लागलें. सर्वजण वांचले, पण तेव्हांपासून अशा औषधांची पहिली मात्रा फारच थोडी, आणि एका वेळीं एकाच माणसास, अशी सावधगिरी घेण्यांत येऊं लागली. कार-टी उपचारांतही असा गलबला होऊं शकतो. शिवाय चांगल्या बी-पेशींवरही तीच खूण असल्यामुळें त्याही बळी पडतात. म्हणून हा उपचार तज्ज्ञांच्या नजरेखालीं, सज्ज रुग्णालयांतच देतात.

प्रयोगांतील प्राण्यांविषयींही आपलें कर्तव्य आहे. आपल्या देशांत १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें अशा प्रयोगांवर देखरेख ठेवली आहे. ज्या मुक्या जीवामुळें माणसांचीं मुलें वांचतात, त्यास विनाकारण यातना देणें हें शास्त्रही नव्हे आणि माणुसकीही नव्हे.

पालकांस दोन शब्द

मुलांचा रक्ताचा कर्करोग हा आज असाध्य रोग राहिलेला नाहीं. वेळेवर निदान होऊन नेहमींच्या औषधांचा क्रम पुरा केला, तर त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारांत बहुसंख्य मुलें बरीं होऊं शकतात. कार-टीचा विचार पुष्कळ पुढचा. म्हणून मूल दिवसेंदिवस फिकें पडत असेल, ताप वारंवार उलटत असेल, मार न लागतां अंगावर निळे डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, मानेंत वा काखेंत गांठी दिसत असतील अथवा हाडें दुखत असतील, तर तें बहुधा साध्याच कारणानें असेल. तथापि डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घेण्यास विलंब लावूं नये. परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालापासून रोग्यांच्या सेवेंत आहे; परंतु तेथपर्यंत जाण्याची पहिली पायरी जवळचा दवाखाना ही होय. आणि उपचार सुरू झाल्यावर मूल बरें दिसूं लागलें म्हणून तो मध्येंच सोडूं नये. घरांतला चोर लपून बसला असतां पहारा उठविण्यासारखेंच तें होईल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीं इतकें ध्यानांत ठेवा. सातशें बाराव्या जागींचा एक मणी बदलला, हें शोधून काढण्यास कित्येक माणसांचीं वर्षें लागलीं. त्यांनीं चिकाटी सोडली असती, तर तो उंदीर 'विषास न भिणारा' म्हणून नुसता कौतुकाचा विषय होऊन राहिला असता. नवल पाहून थांबूं नये, त्याचें कारण विचारावें. तुमच्यापैकीं एखादा उद्यां पवईच्या किंवा परळच्या प्रयोगशाळेंत तेंच काम करूं लागला, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें, असें आम्ही समजूं.